पणजीचा पिनकोड

पत्त्याखालचे ते सहा अंक आपण लिहितो, वाचत कधीच नाही. पिनकोड देशात १५ ऑगस्ट १९७२ पासून आहे. त्यातले ४०३ म्हणजे अख्खा गोवा, पुढचे तीन अंक टपाल कार्यालयाचे. पणजीचा ४०३००१. टपालखात्याचं काम तिथे संपतं. पण हीच संख्या चार लाख तीन हजार एक अशी वाचावी, मग तिचा स्वभाव कळतो.

आधी शेजारपाजार पाहू. ४०३ म्हणजे १३ × ३१, तेच दोन अंक उलटसुलट. त्यामुळे गोव्यातल्या कुठल्याही पिनकोडला १३ ने किंवा ३१ ने भाग जातो का, हे शेवटचे तीन अंकच सांगतात. म्हापशाचे ५०७ म्हणजे १३ × ३९, म्हणून ४०३५०७ ला १३ ने भाग जातो. मडगावच्या ४०३६०१ साठी वेगळी युक्ती. ७ × ११ × १३ = १००१, म्हणून शेवटच्या तीन अंकांतून पहिले तीन वजा करायचे: ६०१ − ४०३ = १९८. ही ११ ची पट, तेव्हा मडगावही गेलं. फोंड्याच्या ४०३४०१ ची अंकबेरीज १२, म्हणजे ३ ने भाग. वास्कोचा ४०३८०२ सम, तिथे बोलायलाच नको.

पणजी मात्र कुणालाच दाद देत नाही. ही मूळ संख्या आहे: एवढे नारळ सारख्या ढिगांत लावायचे तर एकेकाचा ढीग करा, नाहीतर सगळ्यांचा मिळून एकच. अर्थात २, ३, ५, ७, ११ तपासून 'मूळ आहे' म्हणणं हा आळस झाला. ६३४ चा वर्ग ४०१९५६ आणि ६३५ चा ४०३२२५, म्हणून ६३४ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहायला हवं. त्या ११५ आहेत, शेवटची ६३१. त्यापुढे जायची गरज नाही, कारण मोठा अवयव असता तर त्याचा जोडीदार याच यादीत सापडला असता. वाटेत ४३९ पाशी मात्र जपा. दोनच दशांश दाखवणाऱ्या तक्त्यात भागाकार ९१८.०० दिसतो आणि माणूस फसतो. प्रत्यक्षात ४३९ × ९१८ = ४०३००२. एकाने हुकलं! म्हणून भागाकार न पाहता बाकी पाहावी.

खरी गंमत पुढेच. ४ ने भागल्यावर बाकी १ उरणारी मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते, आणि तीही एकाच प्रकारे. हा फ्रेंच गणिती फर्मा याचा सिद्धांत. इथे शेवटचे अंक ०१, म्हणजे जोडी असणारच. शोधताना चाळणी लावावी. ३ ने भागल्यावर बाकी २ उरते, म्हणून जोडीतली एकही संख्या ३ च्या पटीत नाही. ८ ने भागल्यावर १, म्हणून सम असलेली ४ च्या पटीत. ५ ने भागल्यावरही १, म्हणून दोघींपैकी एक ५ च्या पटीत. एवढ्याने बरीच गर्दी हटते आणि ५६० हाती लागते: ३१३६०० + ८९४०१, म्हणजे ५६०² + २९९². कुणाला दुसरी जोडी सापडलीच, तर त्याने आधी आपली बेरीज पुन्हा करून पाहावी.