बारमाही

"एवढ्याशा पाण्यात मगरी राहतात?" आज बडोद्यात काळा घोडा पुलावर ऑफिसातल्या, तामिळनाडूतल्या तिरुनेलवेलीच्या मित्रानं विचारलं. खाली विश्वामित्री नदीकाठी मगर जबडा वासून ऊन खात पडलेली, पाठीला प्लास्टिकची पिशवी चिकटलेली. फार वाईट वाटलं.

मग तो त्यांच्या ताम्रपर्णी नदीबद्दल भरभरून बोलला. लांबी जेमतेम १२८ किलोमीटर, पण बारमाही! नैऋत्य आणि ईशान्य, दोन्ही मोसमी पाऊस तिला मिळतात. वर कळक्काड-मुंडनतुरैचं जंगल, १९८८ पासून व्याघ्र प्रकल्प. तिथं सिंहपुच्छ वानरं, नदीत पाणमांजरं.

"पाऊस आधी जंगल पितं, मग हळूहळू नदीला देतं," तो म्हणाला.

हे डोक्यातून जाईना. आपली विश्वामित्री पावागढाहून येते. तिकडची झाडी हल्ली कुणी पाहिली आहे का? कितपत उरली आहे?