आषाढासाठी आखलेले घर

रानातल्या, रस्त्यापासून दूरच्या आणि स्वतःपुरते पाणी व वीज स्वतःच मिळवणाऱ्या छोट्या घरांविषयी जे काही वाचायला मिळते, ते बहुतेक थंड प्रदेशांतले असते. तिथला आराखडा हिवाळ्यापासून सुरू होतो: भिंतीआडची ऊब कशी टिकवायची, छपराने बर्फाचे ओझे कसे पेलायचे. आंबोली, कोयना किंवा भीमाशंकरच्या परिसरात, सह्याद्रीच्या माथ्यावर तसे घर बांधायचे झाले, तर आराखडा आषाढापासून सुरू करावा लागतो. सूर्य आठवडा-आठवडा दिसत नाही, पाऊस आडवा मारतो, सरपण ओले असते, ओढ्याला पूर आला की वाट तुटते. आणि याच डोंगरावर मार्च उजाडला की पिण्याच्या पाण्यासाठी पायपीट सुरू होते. या दोन टोकांना पुरून उरेल तेच घर तिथे खऱ्या अर्थाने स्वयंपूर्ण म्हणता येईल, असे माझे ठाम मत आहे.

जागेचा विचार सर्वांत आधी करायला हवा. माळीण (३० जुलै २०१४), तळिये (२२ जुलै २०२१) आणि इरशाळवाडी (१९ जुलै २०२३) या तिन्ही ठिकाणी दरड कोसळली ती जुलैच्या मुसळधार पावसात. म्हणून दरी दिसावी या हौसेने उतार कापून सपाटी करणे मला मुळीच मान्य नाही. उतार खोदला की वरच्या मातीचा आधार जातो आणि पाणी मुरण्याच्या वाटा बदलतात. शक्यतो कातळ वर आलेला सौम्य उतार निवडावा, ओढ्याची जुनी पात्रे आणि भेगाळलेली जमीन टाळावी, आणि घर खांबांवर उचलून घ्यावे, म्हणजे पावसाचे पाणी खालून आपल्या वाटेने निघून जाते.

भिंतींसाठी डोंगरातल्या लोकांनी उत्तर केव्हाच शोधून ठेवले आहे. कारवीच्या काठ्या उभ्या लावून, आडव्या पट्ट्यांना बांधून, दोन्ही बाजूंनी शेणमातीने लिंपलेला कूड हलका असतो, श्वास घेतो आणि दरवर्षी घरच्या घरी दुरुस्त करता येतो. त्याचा शत्रू एकच, थेट पाऊस. त्यामुळे पागोळ्या भिंतीपासून दूर पडाव्यात यासाठी छप्पर निदान मीटरभर पुढे काढावे लागते, आणि पावसाच्या तोंडाच्या बाजूला पडवी. माथ्यावरच्या एका धनगरवाड्यातले घर मी ऐन पावसात आतून निरखून पाहिले आहे. चुलीच्या बरोबर वर, हात उंचावला की पोचेल इतक्या अंतरावर बांबूचा माळा होता, त्यावर पुढच्या आठवड्याचे सरपण वाळत होते, आणि चुलीचा धूर पुढे छपराच्या वाशांवर बसून त्यांना काळेभोर करत होता. त्या वाशांना कीड लागलेली नव्हती. ‘‘धूर लागला नाही तर भुंगा चार वर्षांत पीठ करतो,’’ असे तिथल्या आजींनी सांगितले. नव्या घरात इतका धूर कोणी सोसू नये, धुराडे हवेच. मग बांबू पावसाळा संपल्यावर तोडून बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात मुरवून घ्यावा लागतो. सरपणाचा माळा मात्र मी नव्या घरातही जसाच्या तसा ठेवीन.

पाण्याचे गणित सोपे आहे आणि म्हणूनच ते कोणी नीट मांडत नाही याचे मला वाईट वाटते. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. माथ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस धरला (महाबळेश्वरला तो पाच हजारांच्याही वर जातो), तर तीस चौरस मीटरच्या छपरावर नव्वद हजार लिटर पाणी पडते. पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले तरी बहात्तर हजार लिटर हाती उरते. दोन माणसांना दिवसाला ऐंशी लिटर धरून कोरड्या आठ महिन्यांसाठी लागते सुमारे एकोणीस हजार. म्हणजे अडचण पावसाची नाहीच, साठवणीची आहे. साडेतीन मीटर व्यासाची आणि सव्वादोन मीटर उंचीची फेरोसिमेंटची (तारेच्या जाळीवर सिमेंटचा पातळ थर देऊन केलेली) गोल टाकी एवढे पाणी सहज पोटात घेते, आणि जाळी, वाळू व सिमेंट डोक्यावरून वाहून नेता येते. पहिल्या दोन-तीन सरींचे पाणी बाहेर सोडावे, टाकीत उजेड आणि डास शिरू देऊ नयेत, एवढी शिस्त पुरते. कान्हेरीच्या भिक्षूंनी कातळात पन्हळी कोरून लेण्यालेण्यापाशी टाकी भरून घेतली, ती याच हिशेबाने. छपरासाठी मंगलोरी कौले दिसायला सुंदर असली तरी त्यांच्यावर शेवाळ धरते आणि वानरांच्या उड्यांनी ती फुटतात. पिण्याचे पाणी गोळा करायचे असेल तर मी रंगीत पत्रा निवडतो आणि आवाज कमी व्हावा म्हणून त्याखाली बांबूच्या चटईचा थर देतो.

विजेच्या बाबतीत फक्त सौर पॅनेलवर विसंबणे आषाढात अंगाशी येते. एक किलोवॉटचे पॅनेल उन्हाळ्यात दिवसाला चार-पाच युनिट देते, पण ढग दाटले की एखादे युनिटही कष्टाने मिळते. मात्र सूर्य जेव्हा नसतो तेव्हाच ओढा भरून वाहत असतो. सेकंदाला पाच लिटर पाणी नळातून दहा मीटर खाली आणून छोट्या टर्बाइनवर सोडले, तर निम्मी ऊर्जा वाया गेली तरी सुमारे २४० वॅट वीज रात्रंदिवस मिळते, म्हणजे दिवसाला साडेपाच युनिटांहून अधिक. चार एलईडी दिवे, फोन आणि एक पंखा यांना दिवसाला एक-दीड युनिट पुरते. पाणी घेण्याच्या तोंडाशी पालापाचोळा अडकतो, त्यामुळे पावसात जाऊन जाळी साफ करणे हे रोजचे काम ठरते. ओढ्यातून पाणी घेण्यासाठी परवानगी लागते, आणि जमीन वनखात्याची असेल तर हा सगळा विचारच सोडून द्यावा.

शोषखड्ड्याचा संडास माथ्यावर मी कधीच सुचवत नाही. पावसाळ्यात जमिनीतले पाणी इतके वर येते की खड्डा तुंबतो आणि मैला थेट खालच्या वाडीच्या झऱ्यात उतरतो. जमिनीवर उचललेला, दोन कप्प्यांचा कोरडा संडास बांधावा आणि दर वापरानंतर भाताचे तूस किंवा राख टाकावी. एक कप्पा भरला की तो बंद करून वर्षभर कुजू द्यावा आणि तोवर दुसरा वापरावा. तूस गिरणीतून पोत्याने मिळते, पण ते मे महिन्यातच आणून पडवीत उंचावर कोरडे ठेवावे लागते.