पाटीत न मावलेला चिरोल खटला

लंडनमध्ये लिटल व्हेनिसजवळ हॉवली प्लेस नावाचा शांत रस्ता आहे. तिथल्या १० नंबरच्या घरावरची निळी गोल पाटी सांगते की लोकमान्य टिळक, हिंदी देशभक्त आणि तत्त्वज्ञ, १९१८-१९ मध्ये इथे राहत होते. बस्स, एवढंच. ते इथे आले होते ब्रिटिश पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोलवर लावलेला अब्रुनुकसानीचा खटला लढवायला, तो हरले आणि खर्चाचा डोंगर घेऊन परतले, यातलं एक अक्षर पाटीवर नाही. हायगेटला ६५, क्रॉमवेल ॲव्हेन्यूवर सावरकरांची पाटी आहे. तिथेही तंतोतंत तेच बिरुद: देशभक्त आणि तत्त्वज्ञ. श्यामजी कृष्णवर्मांनी १९०५ मध्ये याच वास्तूत 'इंडिया हाउस' हे हिंदी विद्यार्थ्यांचं वसतिगृह उघडलं होतं, त्याचा उल्लेख नाही. इतक्या वेगळ्या दोन माणसांना एकच साचा!

हा निव्वळ साहेबाचा आकस, असं म्हणायचा मोह होतो. खरं कारण बरंचसं पाटीच्या घडणीत आहे. पाटीचा व्यास ४९५ मिलिमीटर, म्हणजे साडेएकोणीस इंच, आणि जाडी ५० मिलिमीटर. पाटी भाजलेल्या मातीची असते. अक्षरांच्या कडा हाताने उठावदार काढतात, त्यात पांढरी आणि भोवती निळी झिलई भरतात आणि मग भट्टीत भाजतात. भिंतीत खाच खणून पाटी आत बसवली जाते. तिचा दर्शनी भाग किंचित फुगीर असल्याने पावसाचं पाणी मळ घेऊन ओघळतं आणि कुणाला पुसत बसावं लागत नाही. पण अक्षरं फुटपाथवरून वाचता यायची तर ती मोठी हवीत. नाव, सालं आणि बिरुद यांतच जागा संपते, खटला कुठे मावणार? तरीही 'तत्त्वज्ञ'ऐवजी 'संपादक' नक्की मावलं असतं. पाटी १९६१ ची आहे, तेव्हा 'केसरी' काही अनोळखी नव्हता.

लंडनमध्ये नामवंतांच्या घरांवर अशा पाट्या लावायची ही योजना १८६६ मध्ये सुरू झाली. पहिली पाटी कवी बायरनच्या जन्मघरावर १८६७ मध्ये लागली आणि १८८९ मध्ये ते घरच पाडलं गेलं. पाटी लागली म्हणजे वास्तू वाचली, असा समज आपल्याकडे असतो. पाटीमुळे कायद्याचं कसलंही संरक्षण मिळत नाही.

योजना आता इंग्लिश हेरिटेज या ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे. नाव कुणीही सुचवू शकतं. व्यक्तीला जाऊन किमान २० वर्षं झालेली हवीत. घरमालकाची संमती हवी. नाव नाकारलं गेलं तर पुन्हा सुचवायला १० वर्षं थांबावं लागतं. एका व्यक्तीला आता एकच पाटी मिळते. गांधीजींच्या दोन आहेत, १९५४ आणि १९८६ च्या. सर्वांत जाचक अट अशी की मूळ वास्तू उभी हवी, आणि तीही त्या व्यक्तीला ओळखू येईल अशा रूपात.

इथे मला पुणं आठवतं. पेठांमध्ये महापालिकेचे निळे फलक आहेत. वाडा कधीच जमीनदोस्त झालेला असतो आणि फलक अपार्टमेंटच्या पार्किंगशेजारी लटकत असतो, म्हणून आपण हसतो. मला ती पद्धत जास्त माणुसकीची वाटते. वाडा गेला म्हणून माणूस राहत नव्हता असं होत नाही. लंडनच्या नियमाने ज्यांची घरं टिकली त्यांचंच स्मरण होतं, आणि घरं टिकतात ती बहुधा बऱ्या वस्तीतली. गोदीजवळ भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या आपल्या खलाशांना अशी पाटी कशी मिळायची? (आपले फलक गंजतात आणि त्यांच्यावर क्लासच्या जाहिराती चिकटवल्या जातात, ते सोडून देऊ.)

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. जून २०२२ मध्ये हॅकनीतल्या २६, किंग एडवर्ड्‌स रोडवर 'आयाज होम'ची पाटी लागली. साहेबांची मुलं सांभाळत बोटीने आलेल्या आणि इथे पोचल्यावर कामावरून काढून टाकलेल्या आयांना १९०० पासून या घरात आसरा मिळायचा. बहुतेकींची नावंसुद्धा नीट नोंदलेली नाहीत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पेंजला ७२, अनर्ली पार्कवर दादाभाई नौरोजींची पाटी आली. त्यावर राष्ट्रवादी आणि खासदार असं दोन्ही लिहिलंय. हे बिरुद नेमकं आहे.

बघायला जाणार असाल तर टिळकांच्या घरासाठी बेकरलू लाइनवर वॉरिक ॲव्हेन्यू स्टेशनला उतरा. तिथून थोडंच चालायचं आहे. क्रॉमवेल ॲव्हेन्यूला नॉर्दर्न लाइनच्या आर्चवेवरून चढ आहे, आई-बाबा बरोबर असतील तर बस घ्या. निळा रंग दिसला म्हणून प्रत्येक पाटी याच योजनेतली समजू नका. इतर संस्थाही पाट्या लावतात, वेस्टमिन्स्टरच्या तर हिरव्या आहेत. आणि ही खाजगी घरं आहेत. फोटो फुटपाथवरूनच काढा, हार घालायला बेल वाजवू नका.