तुम्ही विचारलंत म्हणून: ते सिलिकॉन मग जातं कुठे?

मी काय काम करते हे कळलं की लग्नात असो वा लोकलमध्ये, पुढचा प्रश्न ठरलेला. "औषध भरलेलं सिलिकॉन अंगात सोडणार, पण नंतर ते जातं कुठे?" परवा दादरला शेजारच्या काकूंनी तर "बाथरूमच्या फटीत भरतात तेच ना?" असंही विचारलं. ते नव्हे, काकू. ते रबरासारखं सिलिकोन. मराठीत दोन्हींना सिलिकॉनच म्हणतात, त्याला माझा इलाज नाही. माझं ते मोबाइलच्या चिपमधलं.

त्याची आरशासारखी चकती हायड्रोफ्लोरिक आम्ल आणि अल्कोहोलच्या मिश्रणात ठेवून वीज सोडली की आंबोळीला पडते तशी जाळी पडते. छिद्रं मात्र काही नॅनोमीटरची. १९५६ साली अमेरिकेतल्या बेल लॅब या प्रयोगशाळेत उलिर दांपत्य सिलिकॉन गुळगुळीत करायला गेलं आणि झालं भलतंच, तेव्हापासून हे माहीत आहे. या जाळीत औषध मुरवायचं. जागा इतकी अरुंद की औषधाचे स्फटिक होऊच शकत नाहीत. म्हणून एरवी पाण्याला दाद न देणारी औषधंही लवकर विरघळतात.

आता जातं कुठे ते. ताज्या जाळीवर पाणी टाकलं तर अळूच्या पानावरून घरंगळावं तसं घरंगळतं. थोडं ऑक्सिडीकरण केलं की ती पाणी धरते, आणि मग हळूहळू पाण्यातच जाते. मी जाळीमुळे हिरवी झाक आलेली चकती ३७ अंशांवर, रक्ताइतक्या आम्लतेच्या खारट द्रावणात ठेवते. हिरवा रंग निळ्याकडे सरकतो, फिका पडतो, शेवटी खालची कोरी चकती तेवढी उरते. अंगात सोडायच्या जाळीदार कणांना तर तीही नसते. जाळीचं होतं ऑर्थोसिलिसिक आम्ल. ते पिण्याच्या पाण्यात, धान्यातही असतंच. मूत्रपिंडं ते लघवीवाटे बाहेर टाकतात. गंमत म्हणजे जठरातल्या आम्लात ही जाळी बरीच टिकते, विरघळते पुढे आतड्यात.

मला विचाराल तर औषध भरणं सोपं. ही जाळी नेमकी कधी विरघळावी, हे जमवण्यातच माझे महिने जातात. लवकर गेली तर औषध वाटेतच सांडतं.

"म्हणजे डबा परत येतच नाही," काकू म्हणाल्या. "मग माझ्या गुडघ्याचं बघ की."

काकू, माझा डबा अजून काचेच्या बशीतच आहे.