आमची वाटचाल: भिंतीपासून साडेतीन फूट

आज आम्ही पॅनेल स्पीकर दुरुस्त करतो, विकतो आणि घरात जागेवर बसवून देतो, पण आमचा मूळ धंदा दुरुस्तीचा. ठाण्याच्या नौपाड्यात गोखले रोडच्या आतल्या गल्लीत बाबांचं छोटं दुकान होतं. आधी रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर, नव्वदच्या दशकात कॅसेट डेक आणि ॲम्प्लिफायर. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून त्याच काउंटरमागे बसलो. सकाळच्या लोकलने लॅमिंग्टन रोडला जाऊन सुटे भाग आणायचे, दुपारपासून सोल्डरिंग. कुठल्याही दुरुस्तीवाल्याचं असतं तसंच आमचं चाललं होतं, त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही.

वळण लागलं ते एका जळक्या ॲम्पमुळे. पाचपाखाडीतल्या एका काकांचा ॲम्प सारखा यायचा. दर वेळी तेच, आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट. मला वाटायचं बाजारातून डुप्लिकेट ट्रान्झिस्टर येतायत, आणि तेव्हा ते येतही होते. शेवटी बाबा म्हणाले, "ॲम्पमध्ये डोकं घालून बसू नकोस. त्याला पुढे काय जोडलंय ते घरी जाऊन बघ."

गेलो. हॉलमध्ये भिंतीला जवळजवळ टेकवून कापड चढवलेल्या दोन उंच पाट्या उभ्या. साडेपाच फुटांच्या आसपास उंची, दीड फुटाहून जरा जास्त रुंदी आणि जाडी फक्त दोन इंच. मी विचारलं, "काका, पार्टिशनचं काम काढलंय का?" ते हसले आणि म्हणाले, "हेच स्पीकर." मुलाने अमेरिकेतून परत येताना सामानाबरोबर आणलेले मॅग्नेपॅन.

नेहमीच्या स्पीकरमध्ये लाकडी खोकं असतं आणि त्यात कागदाचा कोन. इथे दोन्ही नाहीत. ताणून बसवलेली पातळ मायलर (प्लॅस्टिकची) फिल्म, तिच्यावर चिकटवलेली बारीक तार किंवा ॲल्युमिनियमची पट्टी, आणि शेजारी चुंबकांच्या रांगा. तारेतून करंट गेला की फिल्मचा मोठा भाग एकदम पुढेमागे हलतो. जिम वायनी यांनी मिनेसोटामध्ये १९६९ साली मॅग्नेपॅन कंपनी काढली ती याच कल्पनेवर. त्याआधी इंग्लंडमध्ये पीटर वॉकर यांच्या क्वाडने १९५७ साली इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर बाजारात आणला होता. त्यात चुंबक नसतात. फिल्मवर काही हजार व्होल्टचा चार्ज ठेवतात आणि तिच्या दोन्ही अंगांना भोकांच्या प्लेट असतात. दोन्ही प्रकारांत एक गोष्ट सारखी: आवाज जेवढा पुढून निघतो तेवढाच मागूनही निघतो, आणि तो उलटा असतो. फिल्म पुढे आली की पुढची हवा दाबली जाते आणि मागची ताणली जाते.

काकांच्या ॲम्पचं कोडं इथेच सुटलं. पाट्या भिंतीला चिकटलेल्या. मागून निघालेली उलटी लाट भिंतीवर आपटून लगेच परत येत होती आणि पुढच्या लाटेतले खालचे सूर, म्हणजे बास, खाऊन टाकत होती. बास येत नाही म्हणून काकांनी बासचं बटण शेवटपर्यंत फिरवलं होतं आणि वर व्हॉल्यूमही चढवला होता. त्यात हे पॅनेल ४ ओहमचे, म्हणजे ॲम्पकडून जास्त करंट ओढणारे. कागदावर सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक व्होल्टला निघणारा आवाज, ८६ डेसिबल दिसते, पण ती २.८३ व्होल्टला मोजलेली. ४ ओहममध्ये २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॉट झाले, म्हणजे १ वॉटला हिशेब ८३ वर येतो. बिचारा छोटा ॲम्प किती ओढणार? आम्ही पॅनेल पुढे ओढले, बासचं बटण मधोमध आणलं आणि ४ ओहमला निवांत करंट देईल असा आमच्याकडचा एक जुना, वजनदार ॲम्प जोडून दिला. त्यानंतर काका दुरुस्तीला आले नाहीत. धंद्याच्या दृष्टीने नुकसानच म्हणायचं, पण त्यांनी पुढे जेवढी माणसं पाठवली त्यावर आमचं आजचं दुकान उभं आहे.

पुढे वागळे इस्टेटमध्ये एक गाळा भाड्याने घेतला. मागे दुरुस्ती, पुढे ऐकायची खोली. शेजारच्या गाळ्यात पॉवर प्रेस आहे, त्यामुळे डेमो संध्याकाळी प्रेस थांबल्यावरच. आम्ही कुठल्याही कंपनीचे डीलर नाही. वापरलेले पॅनेल घेतो, दुरुस्त करतो, विकतो. जुन्या मॅग्नेटिक पॅनेलचा गोंद वर्षांनी सुटतो, तार फिल्मवरून उचलली जाते आणि ठरावीक सुरांवर झरझर आवाज येतो. कापड उतरवून, जुना गोंद काढून तार पुन्हा बसवणं हे चिकाटीचं काम आहे, आणि ते करायला फारसं कोणी तयार नसतं म्हणून ते आमच्याकडे येतं. वाहतुकीत मात्र डोकं फिरतं. एका ट्रान्सपोर्टवाल्याने पॅनेलची पेटी आडवी टाकून तिच्यावर वॉशिंग मशीन ठेवलं होतं. तेव्हापासून पेटीसोबत आमचा माणूस टेम्पोत बसतो.

पण विक्री आणि दुरुस्तीपेक्षा आमचं खरं काम जागेचं झालं. येणारा विचारतो, "कुठलं मॉडेल घेऊ?" आम्ही विचारतो, "खोली किती बाय किती?" खोली छोटी म्हणून मोठे पॅनेल चालत नाहीत, हा समज अर्धाच खरा आहे. पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांच्या उलट असल्यामुळे पॅनेलच्या दोन्ही कडांच्या दिशेला ते एकमेकांना मारतात आणि तिथे फारच थोडा आवाज उरतो. म्हणून बाजूच्या भिंती जवळ असल्या तरी पॅनेल तेवढी कुरकुर करत नाही. खोक्याच्या स्पीकरला ही सवलत नाही. पॅनेलला लागते ती मागची जागा. दहा फूट रुंद खोलीत मागे साडेतीन फूट सोडले तर पस्तीस चौरस फूट झाले. ठाण्यात आज त्या पस्तीस फुटांची किंमत काय होते, तो गुणाकार ज्याने त्याने आपल्या बिल्डिंगच्या भावाने करावा. बहुतेक वेळा स्पीकर त्यापुढे स्वस्त निघतात. हे मी गिऱ्हाइकाला पहिल्याच भेटीत सांगतो. काही जण तिथेच उठतात, आणि ते बरंच असतं.

घोडबंदर रोडच्या एका टॉवरमधलं काम मला सविस्तर सांगायचंय. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, मुलगी परदेशी गेल्यावर तिची बेडरूम रिकामी, १० बाय १४. ऐकणं सगळं ख्यालगायकीचं. पॅनेल १० फुटी भिंतीपुढे, तोंड १४ फुटांच्या दिशेला करून लावायचे हे सरळ होतं. दोन पॅनेलच्या मध्यांत साडेसहा फूट अंतर ठेवलं की बाहेरच्या कडा बाजूच्या भिंतींपासून साधारण फूटभरावर येतात, आणि ते चालतं. प्रश्न मागच्या अंतराचा होता. कपाट हलवायला नको म्हणून त्यांना दोन फुटांवर भागवायचं होतं.

मी त्यांना कागदावर मांडून दाखवलं. मागची लाट भिंतीपर्यंत जाऊन येते म्हणजे दुप्पट अंतर चालते. हे दुप्पट अंतर ज्या सुराच्या तरंगलांबीइतकं असतं, तो सूर कापला जातो. दोन फुटांवर हिशेब २८० हर्ट्झच्या (सेकंदाला २८० कंपनं) पुढेमागे येतो. आता काळी एकचा, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून गाणारा गवय्या घ्या. त्याचा मध्य षड्ज, म्हणजे मधल्या सप्तकाचा सा, १३९ हर्ट्झच्या आसपास, तार षड्ज त्याच्या दुप्पट, २७७. म्हणजे ज्या तार षड्जासाठी माणूस अर्धा तास वाट बघतो, नेमका तोच पोकळ वाजणार! चार फुटांवर नेले तर पहिला काप १४० च्या जवळ येतो, म्हणजे मध्य षड्जच गाळात. साडेतीन फुटांवर तो १६० च्या थोडा वर जातो, कोमल गंधाराच्या खाली, आणि दुसरा काप तार षड्जाच्या बराच वर सरकतो. तंबोऱ्याचा खर्ज, म्हणजे खालचा सा, ६९ चा. साडेतीन फुटांवर मागची लाट ८० च्या आसपास कापण्याऐवजी भर घालते, त्यामुळे खर्जालाही थोडी उब मिळते. प्रत्यक्षात काप कागदावर दिसतो तेवढा खोल नसतो, परतीची लाट दमून आलेली असते. आणि गायिका असेल, किंवा गवय्याची पट्टी वेगळी असेल, तर सगळे आकडे बदलतात. पण या घरात ऐकले जाणारे बहुतेक गवई काळी एकच्या आगेमागे गाणारे होते.

गृहस्थांनी कपाट हलवलं. मग जमिनीवर मास्किंग टेप लावून पॅनेल दोन-दोन इंच पुढेमागे. आम्ही ऐकायला एकच साधा मोनो (दोन्ही स्पीकरमधून तोच आवाज येणाऱ्या) रेकॉर्डिंगचा तुकडा वापरतो, कारण मोनोतला गायक बरोबर मध्यात उभा राहिला पाहिजे. तो डावीकडे झुकला की पॅनेलचा कोन चुकलेला असतो. दोन्ही पॅनेलपासून डोक्यापर्यंतचं अंतर लेझर मीटरने मोजायचं, अर्ध्या सेंटीमीटरचा फरकही चालवून घ्यायचा नाही. ट्वीटरची, म्हणजे उंच सुरांची, पट्टी आतल्या बाजूला ठेवायची की बाहेरच्या, हे डावा-उजवा अदलाबदल करून ऐकायचं. अरुंद खोलीत आम्हाला बहुधा आतलीच बरी वाटते. मागच्या भिंतीला लोक लगेच फोम लावायला निघतात, ते आम्ही थांबवतो. मागचा आवाज पूर्ण गिळला तर या स्पीकरचा मोकळेपणाच जातो. इथे मागच्या भिंतीशी पुस्तकांचा रॅक होता. उंच-बुटकी पुस्तकं, आडवे रचलेले दिवाळी अंक, मध्ये रिकामे कप्पे. त्याला हात लावू दिला नाही. त्यांच्या पत्नीला तो रॅक नीट लावून हवा होता, मी म्हटलं, "वहिनी, हा पसारा कामाचा आहे."

नेरुळला एका गाणं शिकवणाऱ्या ताईंकडे वेगळाच प्रश्न निघाला. त्यांच्याकडे सोफाच नाही. गादी, लोड, शिष्य सतरंजीवर. खाली बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून अडीच फुटांवर. पुस्तकांत सगळी मापं खुर्चीतल्या माणसाची. पण उंच पॅनेलची गंमत अशी की त्याच्या उंचीच्या आत तुम्ही कुठेही कान ठेवा, स्वर फारसा बदलत नाही. म्हणून बैठकीला ते खोक्याच्या स्पीकरपेक्षा सोयीचे पडतात. ताईंनी चार फुटी छोटे पॅनेल घेतले, तेही बसून उत्तम लागले. उभं राहिलं की मात्र कान पॅनेलच्या वर जातो आणि तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची ती झंकारती चमक, एकदम निस्तेज होते. ताई म्हणाल्या, "आमच्याकडे उभं राहून गाणं ऐकत नाहीत." विषय संपला.

खाडीकडे तोंड असलेल्या घरांत आम्ही इलेक्ट्रोस्टॅटिक सुचवत नाही. आवाज अप्रतिमच, वाद नाही. पण जूनपासून चार महिने इथली हवा पाण्यासारखी असते. ओल आणि धूळ एकत्र आली की चार्ज गळतो, पॅनेल हळू वाजतं किंवा मध्येच तडतडतं. ज्यांच्याकडे आधीपासून आहेत त्यांच्या खोलीत पावसाळ्यात डिह्युमिडिफायर लावायला सांगतो आणि कापडावर ओलं फडकं फिरवू नका म्हणून कामवाल्या मावशींनाही बजावून येतो.

आता आम्ही विकण्याआधी पुठ्ठ्याचे कटआउट देतो. खऱ्या मापाचे, मागे लाकडी पाय. आठवडाभर घरात ठेवायचे, ज्या जागी पॅनेल येणार तिथेच. गॅलरीत कपडे वाळत घालायला वाट राहते का, पाहुणे आले की कोण धडकतं, रात्री पाणी प्यायला उठलेले आजोबा दचकतात का, हे सगळं त्यात कळतं. पैसे आम्ही भेटीचे घेतो. सुरुवातीला लोकांना ते फार खटकायचं. "नुसतं येऊन बघायचे पैसे?" आता भेटीचे पैसे खरेदीत वळते करतो, तरी पहिला फोन बहुतेक याच वाक्याने संपतो.

डिस्को, ढोल-ताशा, सिनेमातले स्फोट ज्यांना ऐकायचेत त्यांना आम्ही सरळ नाही म्हणतो. पॅनेल ४० हर्ट्झच्या खाली फार काही देत नाही, आणि सबवूफर (फक्त खालच्या सुरांचा वेगळा स्पीकर) जोडला तरी तो पॅनेलच्या चपळाईशी जुळवणं हा वेगळाच उद्योग आहे.

सध्या ऐरोलीतलं एक काम हातात आहे. खोली ११ बाय ११. चौरस खोली म्हणजे आमच्या धंद्यातलं दुखणं. लांबी आणि रुंदी सारखी, त्यामुळे दोन्हीकडच्या भिंतींमधली आवाजाची घुमणी एकाच जागी, ५१ हर्ट्झवर येऊन बसते. त्या तरुणाला मोठेच पॅनेल हवेत. रविवारी कटआउट घेऊन जाणार आहे, कोपरा पाठीशी धरून तिरके लावून बघू. नाही जमलं तर चार फुटी पॅनेल. तेही नाही बसले, तर चांगले छोटे बुकशेल्फ स्पीकर कुठे मिळतील ते सांगून येईन. आमच्याकडे ते नसतात.