तुम्ही विचारलंत म्हणून: अजून किती गाड्या घेऊ?

रेडीमिक्सचा (तयार काँक्रीटचा) प्लांट चालवणारं कुणी भेटलं की दहा मिनिटांत हा प्रश्न येतोच. "ऑर्डर आहेत, प्लांट चांगला आहे, पण माल साइटवर वेळेत पोचत नाही. अजून किती टीएम (ट्रान्झिट मिक्सर, ड्रम फिरवत काँक्रीट नेणाऱ्या गाड्या) घेऊ?" मी उलट विचारतो, "आहेत त्या गाड्या दिवसातला किती वेळ उभ्या असतात?" मग शांतता. काल किती घनमीटर गेलं ते सगळ्यांना तोंडपाठ असतं. उभं राहण्यात किती मिनिटं गेली, ते कुणी लिहूनच ठेवत नाही.

मीही ठेवत नव्हतो. डिस्पॅचला, म्हणजे कुठली गाडी कधी कुठे सोडायची ते ठरवायच्या कामाला, नवा होतो तेव्हा एका मोठ्या राफ्टचं (इमारतीखालच्या सलग पायाचं) काम आलं. साइटवरच्या काँक्रीट पंपाचा वेग तासाला ३० घनमीटर, गाडीत माल ६ घनमीटर, म्हणजे दर १२ मिनिटांनी एक गाडी हवी. आठ गाड्या लावल्या. सकाळी एकदाच पंप थांबला आणि साइटवरून असा आवाज चढला की घाबरून भाड्याच्या दोन गाड्या आणल्या. दुपारी त्या साइटच्या फाटकाबाहेर तीन गाड्या ड्रम फिरवत उभ्या होत्या आणि इकडे दुसरा ग्राहक फोनवर विचारत होता, "माझी पहिली गाडी कुठाय?"

संध्याकाळी चलानांमागच्या वेळा घेऊन बसलो, तेव्हा चूक दिसली. पंप तासाला पाचच गाड्या रिकाम्या करतो. आठ गाड्या दिल्या तर एकेका गाडीची फेरी ९६ मिनिटांची होते. भरणं, जाणं, उतरवणं, च्यूट (माल उतरवायची पन्हळ) धुणं, परत येणं, सगळं त्यात बसत होतं. दहा दिल्या तर तीच फेरी १२० मिनिटांची होते. रस्ता तेवढाच, पंपही तोच, मग वाढलेली २४ मिनिटं कुठे जाणार? फाटकाबाहेर. दोन गाड्या जास्त आणून मी एक घनमीटरही जास्त ओतलं नव्हतं, फक्त रांग विकत घेतली होती. सकाळी पंप थांबला होता तो गाड्या कमी म्हणून नव्हे, पहिल्या तीन गाड्या मी भरल्या भरल्या एकदम सोडल्या होत्या म्हणून. त्या एकत्र पोचल्या, एकत्र परतल्या आणि मध्ये खंड पडला.

काँक्रीटच्या रांगेत माल जुना होत असतो, ही तर वेगळीच कटकट. आयएस ४९२६ हे रेडीमिक्सचं भारतीय मानक भरल्यापासून साधारण २ तासांत माल उतरवायला सांगतं. अमेरिकेच्या एएसटीएम सी-९४ या मानकात ९० मिनिटांचा आकडा बरीच वर्षं रूढ होता. पण घड्याळाच्या आधी स्लम्प, म्हणजे मालाचा सैलपणा मोजणारा आकडा, बोलतो. अर्धा तास उन्हात उभी राहिलेली गाडी पंपावर आली की माल घट्ट वाटतो आणि कुणीतरी पाण्याचा कॉक उघडतो. घनमीटरमागे साधारण ५ लिटर पाण्याने स्लम्प इंचभर वाढतो. ६ घनमीटरच्या गाडीत ते झाले ३० लिटर, ज्यांची कुठे नोंद नसते. २८ दिवसांनी क्यूब (त्याच मालाचा चाचणीचा ठोकळा) ताकदीच्या चाचणीत नापास झाला की चौकशी मिक्स डिझाइनची होते. त्या दिवशी गाडी फाटकाबाहेर किती वेळ उभी होती, हे कुणी विचारत नाही. क्यूसीवाल्यांशी (दर्जा तपासणाऱ्यांशी) माझी निम्मी भांडणं यावरून झाली आहेत, आणि आता मागे वळून पाहिलं तर बहुतेक वेळा तेच बरोबर होते.

म्हणून ऑर्डर घेताना मी आता "किती घनमीटर?" याच्या आधी "उतरवणार कसं?" हे विचारतो. स्लॅबला पंप असेल तर गाडी १२ मिनिटांत मोकळी. तोच माल कॉलमला, क्रेनला लावलेल्या अर्ध्या घनमीटरच्या बकेटने जाणार असेल तर १२ खेपा. एका खेपेला पाच मिनिटं धरा, गाडी तासभर तिथेच. कागदावर दोन्ही ऑर्डर '६ घनमीटर' एवढ्याच दिसतात. कॉलमच्या ग्राहकाला ३-३ घनमीटरच्या दोन खेपा वेळ ठरवून दिल्या की मालही ताजा राहतो. फेरी एक वाढते, पण ज्या साइटवर क्रेन मध्येच दुसऱ्या कामाला पळते तिथे मला हा सौदा परवडतो.

दुसरी सवय लावली ती सकाळची. प्रत्येक ग्राहकाला पहिली गाडी सात वाजताच हवी असते. सहा साइट, सगळ्यांना सात. हो म्हणणारा डिस्पॅचर लोकप्रिय असतो, साधारण सव्वासातपर्यंत. आम्ही आदल्या संध्याकाळी फोन करायला लागलो: सळई तपासून झाली का, पंप लागला का, व्हायब्रेटर चालू करून पाहिला का? सातला माल मागणाऱ्यांपैकी काही जण खरं म्हणजे नऊशिवाय तयारच नसायचे. त्यांना पावणेनऊची वेळ दिली तर तेही खूश. त्या फोनला यंत्र लागलं नाही, फक्त एका माणसाचा अर्धा तास गेला.

जीपीएसबद्दलही विचारतात. जरूर बसवा. पण बऱ्याच ऑफिसांत भिंतीवर मोठा पडदा असतो, त्यावर ठिपके सरकत असतात, आणि दोन ठिपके एकमेकांना चिकटले तर काय करायचं हे ठरवण्याचा अधिकार पडद्यासमोरच्या कुणालाच नसतो. पुढची गाडी रोखून धरायचा हक्क डिस्पॅचरला लेखी द्या, मग पडदा घ्या.

प्लांटच्या आतलं थोडक्यात सांगतो, कारण तिथे लोकांचं लक्ष आधीच असतं. वाळूतल्या ओलाव्यात एका टक्क्याची चूक म्हणजे घनमीटरला साडेसातशे किलो वाळू धरली तर साडेसात लिटर पाणी. पाऊस पडून गेल्यावर सकाळच्याच आकड्यावर बॅचिंग (माल मोजून मिसळणं) चालू ठेवलं तर पहिल्या गाड्या परत येणारच, आणि परत आलेली गाडी दोन फेऱ्या खाऊन जाते.

परत येणाऱ्या मालाचं मोठं कारण मात्र शेवटची गाडी असते. नकाशावरून काढलेलं माप आणि प्रत्यक्ष भरलेली जागा कधी जुळत नाही. शटरिंग थोडं खाली बसतं, स्लॅब थोडा जाड होतो. आमचा नियम असा की शेवटच्या दोन गाड्या भरायच्या आधी साइट इंजिनिअरने टेप लावून उरलेलं माप सांगायचं. त्याला हे आवडत नाही. तरी विचारायचं.

आणि ड्रायव्हरचा भत्ता. फक्त खेपांवर पैसे दिलेत तर तो पळत जाईल आणि पुढच्या गाडीला जाऊन चिकटेल. तुम्हीच त्याला तसं शिकवलेलं असतं.

मग गाडी कधी घ्यायची? महिनाभर प्रत्येक चलानावर या पाच वेळांची नोंद करा: प्लांट सोडला, साइटवर पोचली, उतरवायला सुरुवात, रिकामी झाली, परत आली. पोचणं आणि उतरवणं यांतलं अंतर पाच-दहा मिनिटांवर आलं असेल, आणि तरीही प्लांट गाडीची वाट बघत उभा असेल, तर खुशाल घ्या.

त्या राफ्टनंतर भाड्याच्या दोन्ही गाड्या मी महिनाअखेरीस परत केल्या. मालकांनी विचारलं, "ग्राहक ओरडला तर?" पहिल्या आठवड्यात दोनदा ओरडलाच. दोन्ही वेळा आमच्या गाड्या दुसऱ्या एका कॉलमच्या साइटवर क्रेनची वाट बघत उभ्या होत्या.