कुत्र्याच्या पेशी, माणसाचा फ्लू

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. फ्लूच्या अँटिबॉडी मोजणं हे माझं काम, हे कळलं की एक प्रश्न हमखास येतो: "चाचणी करता कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर आणि फ्लू होतो माणसाच्या नाकाघशात. मग त्या आकड्याला अर्थ काय?" प्रश्न अगदी रास्त आहे.

या पेशींना आम्ही एमडीसीके म्हणतो. १९५८ साली मॅडिन आणि डार्बी यांनी एका कॉकर स्पॅनियल कुत्रीच्या मूत्रपिंडातून त्या वेगळ्या केल्या. फ्लूचा विषाणू त्यांच्यात जोमाने वाढतो, म्हणून त्या जगभर वापरात आहेत. चाचणी अशी: सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा अँटिबॉडी असलेला द्रव, ५६ अंशांवर अर्धा तास तापवायचं, ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये दर खळग्यात दुप्पट पातळ करत न्यायचं, मोजून विषाणू घालायचा, तासभर थांबून वर पेशी सोडायच्या. दुसऱ्या दिवशी रंगाची प्रक्रिया केली, की जिथे विषाणू पेशीत शिरला तिथे रंग येतो. जितक्या पातळ सीरमपर्यंत अडवणूक टिकते, ते टायटर.

खरी गोम पेशीच्या पृष्ठभागावर आहे. विषाणू हिमॅग्लुटिनिन या प्रथिनाने पेशीवरच्या सायलिक आम्लाला चिकटतो. माणसाच्या नाकाघशात या आम्लाची अल्फा-२,६ जोडणी (शेजारच्या साखरेशी जुळायची एक पद्धत) मुबलक असते, एमडीसीकेवर बेताची. अलीकडच्या एच३एन२ या प्रकारच्या फ्लू विषाणूंना तेवढ्यावर भागत नाही. या पेशींत वाढवत राहिलं की काहींच्या न्यूरामिनिडेज या दुसऱ्या पृष्ठभागीय प्रथिनात असा बदल होतो, की चिकटायचं काम तेच करू लागतं. हिमॅग्लुटिनिनवर अँटिबॉडी पक्की बसलेली असते, तरी विषाणू पेशीला धरूनच! टायटर घसरतं आणि वाटतं सीरमच कमकुवत आहे. २,६ जोडणी मुद्दाम वाढवलेल्या एमडीसीके-सियाट पेशींवर ही अडचण बरीच कमी होते. म्हणून माझं ठाम मत आहे, की टायटरशेजारी पेशीचं नाव लिहिलेलं नसेल तर तो आकडा अर्धवट आहे.

शिवाय सगळ्या अँटिबॉडी दारातच अडवत नाहीत. हिमॅग्लुटिनिनच्या देठावर बसणाऱ्या अँटिबॉडी विषाणूला आत जाऊ देतात, पण आतल्या आम्लयुक्त पिशवीत त्याचं आवरण पेशीच्या पडद्याशी एकरूप होऊ देत नाहीत. न्यूरामिनिडेजवरच्या अँटिबॉडी नव्या विषाणूंची सुटका रोखतात. एका रात्रीत आटोपणाऱ्या चाचणीत या न्यूरामिनिडेजवरच्या अँटिबॉडींचा जोर फारसा दिसत नाही.

शरीरात तर आणखी पेशी असतात. मॅक्रोफेज या भक्षक पेशींवर अँटिबॉडीचं शेपूट पकडणारे एफसी ग्राहक असतात, त्यामुळे अँटिबॉडी चिकटलेला विषाणू त्या गिळून टाकतात. देठावरच्या अँटिबॉडी उंदरांना वाचवतात त्यात या ग्राहकांचा मोठा वाटा असल्याचं २०१४ मध्ये दिसलं. नुसत्या एमडीसीकेच्या प्लेटमध्ये हे कसं दिसणार? नाकातलं आयजीए, म्हणजे अँटिबॉडीचा एक प्रकार, वेगळंच. ते श्लेष्मल पेशींमधून आरपार जाऊन बाहेर येतं आणि विषाणूला पृष्ठभागावरच गाठतं. दंडावर घेतलेल्या लशीने मुख्यतः रक्तातलं आयजीजी हा दुसरा प्रकार वाढतो. त्यामुळे टायटर चांगलं असूनही फ्लू झाला, तर चाचणी खोटी ठरत नाही.

माणसाच्या श्वासनलिकेच्या पेशी वरून हवा, खालून पोषकद्रव ठेवून वाढवल्या, की त्यांना केसांसारखे बारीक तंतू फुटतात आणि त्या श्लेष्मा स्रवतात. नाकाघशाच्या सर्वांत जवळ जाणारी व्यवस्था हीच. पण ती तयार व्हायला काही आठवडे लागतात आणि खर्चही मोठा. शेकडो सीरम तपासायची असतील, तेव्हा आम्ही अजूनही कुत्र्याच्या पेशीच वापरतो.